समुद्रतळाची मुदत ठेव

आयुष्य बँकेत गेल्यामुळे असेल, पण समुद्रतळावरच्या कार्बनविषयी वाचताना मला ठेवींची खातीच दिसू लागतात. पाण्यात तरंगणारे सूक्ष्म वनस्पती-प्लवक कार्बन डायऑक्साइड शोषते. ते खाणारे जीव श्वासावाटे तो परत सोडतात. हे झाले चालू खाते. जो थोडा अंश तळाशी जाऊन गाळाखाली गाडला जातो, ती मुदत ठेव, तीही शतकानुशतकांची.

ध्रुवांकडे हिमनद्या मागे सरकतात, तसे बर्फाखालचे पाणी उघडे पडते. त्याला ऊन मिळते, प्लवक फोफावते, तळावरचे जीव वाढतात. बर्फाने भरडलेल्या खडकाच्या पिठातून लोहही समुद्रात उतरते. म्हणजे तापलेली पृथ्वी आपले कर्ज आपणच फेडू लागली की काय?

इथे गोव्याची एक मोहीम आठवते. २००९ साली दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेबरोबर दक्षिण महासागरात 'लोहाफेक्स' हा प्रयोग केला. (नावातला 'लोहा' आपल्याकडचाच, बरे का!) पर्यावरणवाद्यांनी ओरड केली, जर्मन मंत्रालयाने काम काही दिवस रोखलेही. शेवटी 'पोलारस्टर्न' जहाजावरून सुमारे ३०० चौरस किलोमीटर पाण्यात लोहाचा क्षार सोडला गेला. प्लवक वाढले, पण कोळंबीच्या जातकुळीतल्या बारीक जीवांनी ते फस्त केले. सिलिकाचे जड कवच असलेले डायटम बुडून तळ गाठतात, पण त्या पाण्यात सिलिकाच अपुरे असल्याने ते वाढलेच नाहीत. सकाळी भरलेली रक्कम संध्याकाळी काढून नेली, तळाशी फारच थोडी उरली.

मला हा फसलेला प्रयोग मोलाचा वाटतो. नुसत्या लोहाने भागत नाही, हे त्याने दाखवले. हिमनद्यांच्या दारी तर आणखी अडचणी: वितळणीचा गढूळपणा ऊन अडवतो, आणि सुटलेले हिमनग तळ खरवडून तिथली वस्ती उद्ध्वस्त करतात.

स्वालबार्डच्या कॉंग्सफ्योर्डमध्ये, 'हिमाद्री' या आपल्या केंद्राजवळ, २०१४ पासून भारतीय उपकरणे पाण्यात सोडलेली आहेत. १९२ मीटर खोलीच्या त्या पाण्याचे तापमान आणि क्षारता नोंदवणे हे त्यांचे काम.

नाशिककरांनी हे फार दूरचे मानू नये. ब्रह्मगिरीवरून आषाढात लालभडक उतरणारी आपली गोदाही बंगालच्या उपसागरात असाच सेंद्रिय गाळ नेऊन पुरते. वाटेत गंगापूर धरण, नांदूरमध्यमेश्वर आणि जायकवाडी आपापला वाटा आधीच ठेवून घेतात, एवढेच.