घर घ्या, सजवा, विका : पडद्यावरचा हिशोब आणि मेहकरचा

पडके घर लिलावात घ्यायचे, दोन भिंती फोडायच्या, स्वयंपाकघर नवे करायचे, रंग मारायचा आणि पाऊण तासाच्या आत पडद्यावर नफ्याचा आकडा दाखवायचा. अमेरिकेतल्या ‘फ्लिप धिस हाउस’ (२००५) आणि ‘फ्लिप ऑर फ्लॉप’ (२०१३) या मालिकांनी हा साचा दूरवर नेला. ब्रिटनमध्ये त्याआधीच, २००१ साली, सारा बीनी यांची ‘प्रॉपर्टी लॅडर’ सुरू झाली होती. आता या कार्यक्रमांचे तुकडे मोबाइलवरून मेहकरसारख्या तालुक्याच्या गावातही रोज पाहिले जातात. समृद्धी महामार्ग तालुक्यातून गेल्यापासून जागेचे बोलणे घरोघर आहेच. त्यामुळे ‘जुने घर घेऊन, नीट करून विकले तर?’ हा प्रश्न हातात चार पैसे आलेल्या तरुणाला पडला तर नवल नाही. तो प्रश्न मनापासून तपासला पाहिजे, कारण त्यात कुणाची तरी सगळी पुंजी जाणार असते.

या कार्यक्रमांत बनाव किती, याची चर्चा त्या देशांत बरीच झाली आहे. ‘हाउस हंटर्स’मध्ये तीन घरांतून एक निवडल्याचे दाखवतात, प्रत्यक्षात आपण घर आधीच घेतले होते, असे त्यात भाग घेतलेल्या एका बाईंनी २०१२ मध्ये उघड सांगितले. ‘फिक्सर अपर’मधले देखणे फर्निचर चित्रीकरणापुरते असते, हवे असेल तर घरमालकाने ते वेगळे विकत घ्यायचे. याच कार्यक्रमाच्या कर्त्यांच्या कंपनीला २०१८ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेकडे ४० हजार डॉलरचा दंड भरावा लागला. जुन्या घरांच्या रंगात शिसे असते, ते खरवडताना घ्यायची काळजी घेतल्याचे दिसले नाही, हे त्याचे कारण. मला या तिन्हींपैकी ही शेवटची गोष्ट सर्वांत गंभीर वाटते. घर कसे निवडले याचे नाटक झाले तर कुणाचे बिघडत नाही. भिंत खरवडताना उडालेली धूळ पोरांच्या पोटात जाते.

पण खरी फसगत आकड्यांत आहे. पडद्यावर विक्रीच्या किमतीतून खरेदी आणि दुरुस्ती वजा करतात आणि उरेल त्याला नफा म्हणतात. पैशाचे व्याज, कर, विमा, घर विकेपर्यंत गेलेले महिने हे पुष्कळदा बाजूलाच राहतात. अमेरिकेतल्या अशा व्यवहारांची मोजदाद ‘अ‍ॅटम’ नावाची संस्था करते. २०२३ मध्ये तिथे सुमारे तीन लाख घरे अशी फिरवली गेली आणि ढोबळ नफा २७ टक्क्यांच्या आसपास होता. हा आकडा म्हणजे दोन विक्री-किमतींमधला निव्वळ फरक. दुरुस्तीचा खर्चसुद्धा त्यातून वजा नसतो. ‘प्रॉपर्टी लॅडर’मध्ये तर आणखी एक गोष्ट उघड दिसे. बीनीबाईंचा सल्ला धुडकावून, अंदाजपत्रक उधळून काम करणारी माणसेही शेवटी फायद्यात निघत, कारण त्या वर्षांत ब्रिटनमध्ये सगळीच घरे महाग होत होती. कमाई बाजाराच्या चढाची होती आणि श्रेय नव्या टाइल्सना मिळत होते.

आता हाच हिशोब मेहकरात मांडू. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. ३० लाखांना जुने घर घेतले, ६ लाख दुरुस्तीला लावले, ४२ लाखांना विकले. टीव्ही सांगेल, ६ लाख सुटले. आपण मुद्रांक शुल्क ५ टक्केच धरू : दीड लाख. नोंदणी शुल्क १ टक्का, कमाल ३० हजार : तेवढे पूर्ण लागले. दोन्ही सौद्यांत दलाली एकेक टक्का : ७२ हजार. ३० लाखांवर १२ टक्क्यांनी नऊ महिन्यांचे व्याज : २ लाख ७० हजार. हाती उरले ७८ हजार. शिवाय घर २४ महिन्यांच्या आत विकले की नफा अल्पकालीन ठरतो आणि त्याच्यावर उत्पन्नाच्या टप्प्याप्रमाणे कर लागतो. आपल्या मुद्रांक कायद्यात बिल्डरकडून सदनिका घेऊन ती पुढे विकणाऱ्या गुंतवणूकदाराला आधीच्या शुल्काची वजावट मिळते; तिची मुदत २०२२ मध्ये एका वर्षावरून तीन वर्षांवर नेली. पडके घर घेऊन ते उभे करणाऱ्याला ही सवलत नाही. नव्या फ्लॅटचा कागद फिरवणाऱ्याला सूट आणि जुनी भिंत सावरणाऱ्याला पूर्ण शुल्क, हे मला अन्यायाचे वाटते.

शिवाय वरचे ४२ लाख येणार कुठून? मेहकरच्या जुन्या वस्तीत गिऱ्हाईक घर पाहायला येते तेव्हा पहिला प्रश्न असतो, जागा किती? रस्ता किती फुटांचा? तोंड कोणत्या दिशेला? तो जागा विकत घेत असतो; बांधकाम पाडायचेच, हे त्याच्या मनात धरलेले असते. सरकारी रेडी रेकनरचा हिशोबही याच वाटेने जातो. जमिनीचा दर वेगळा, आणि इमारतीच्या वयाप्रमाणे तिच्या किमतीतून घसारा वजा. तुम्ही पांढऱ्या मातीचे धाबे उतरवून स्लॅब टाकला, ओसरीला फरशी बसवली, तरी समोरचा माणूस चौरस फुटाचाच भाव बोलतो. अमेरिकेत तयार घर हाच माल असतो आणि नव्या स्वयंपाकघराला भाव मिळतो. आपल्या तालुक्याच्या गावात तसा बाजार अजून उभा राहिलेला नाही. यात गिऱ्हाइकाचा दोष नाही. आयुष्यात एकदा घर होणार असेल तर ते त्याला स्वतःच्या मनासारखे बांधायचे असते.

आणि दुरुस्तीच्याही आधी कागद. टीव्हीवर लिलाव झाला की किल्ली हातात येते. इथे आजोबांच्या नावावरचे घर असते. वारस नोंद झालेली नसते, एक भाऊ पुण्याला, एक सुरतेला, बहिणी सासरी. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला. तो जन्मापासूनचा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले. मुसलमान कुटुंबांत मुलीचा हिस्सा शरियतनेच ठरलेला आहे. म्हणजे बहिणीची सही ही उपचाराची बाब राहिलेली नाही. ती खरेदीखतावर नसेल, किंवा तिचे नोंदवलेले हक्कसोडपत्र नसेल, तर दहा वर्षांनीही दावा उभा राहू शकतो. वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च, आखीव पत्रिका, नगरपालिकेचा कर उतारा, सगळ्या वारसांची संमती : यात सहा महिने गेले तर ते लवकर झाले म्हणावे. कोणत्याही कार्यक्रमाने हा भाग दाखवलेला मी पाहिला नाही, आणि इकडच्या व्यवहाराचे निम्मे कष्ट इथेच असतात.

टीव्हीतल्या लिलावाच्या सर्वांत जवळ जाणारी आपली गोष्ट म्हणजे बँकेचा लिलाव. थकलेल्या कर्जापोटी २००२ च्या सरफेसी कायद्याने बँक तारण घर विकते. बोली लागली की त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या कामाच्या दिवशी २५ टक्के भरावे लागतात, अनामत धरून. उरलेले पंधरा दिवसांत, मुदत वाढवून मिळाली तरी तीन महिन्यांच्या आत. विक्री ‘जसे आहे, जिथे आहे’ या बोलीवर. जाहिरातीत ताबा प्रतीकात्मक आहे की प्रत्यक्ष, हा एक शब्द नीट वाचावा. प्रतीकात्मक असेल तर आत अजून माणसे राहत असतात, आणि त्यांना बाहेर काढण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत जावे लागते. कर्जात बुडालेल्या कुटुंबाचे घर स्वस्तात मिळते म्हणून घेणे कायदेशीर आहे. ते सोपे मात्र नाही, आणि ज्याला गावातच राहायचे आहे त्याला तर मुळीच नाही.

बांधकामाच्या वेगाबद्दल थोडक्यात. साडेचार मीटरपेक्षा लांब गाळ्याच्या स्लॅबचे टेकू चौदा दिवस काढू नयेत आणि आपल्या नेहमीच्या मिश्र सिमेंटच्या कामाला किमान दहा दिवस पाणी मारावे, असे भारतीय मानक ४५६ सांगते. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया मुरमापर्यंत नेला नसेल तर पुट्टी भरून लपवलेली भेग एका पावसाळ्यात परत येते. सोयाबीनच्या काढणीत बिगारी मिळणे कठीण. ‘आठ दिवसांत कायापालट’ फक्त रंगाचा होऊ शकतो.

मग मेहकरकडे मिळकत फिरवून कुणी कमावतच नाही का? कमावतात, पण हातोडा न उचलता. नागपूर ते शिर्डी हा समृद्धीचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला आणि ५ जून २०२५ ला सगळे ७०१ किलोमीटर पूर्ण झाले. अशा रस्त्याच्या आजूबाजूला सौदा फिरतो तो इसारावर. थोडी रक्कम देऊन इसारपावती करायची, सहा-अकरा महिन्यांची मुदत घ्यायची, तेवढ्यात जास्त भावाचे गिऱ्हाईक शोधायचे आणि खरेदीखत मूळ मालकाकडून थेट त्याच्या नावे करून द्यायचे. मधल्या माणसाचे नाव खरेदीखतात कुठेच नाही. गिऱ्हाईक मिळाले नाही तर इसार बुडाला. जमिनीत यातून काहीच भर पडत नाही. शेतकऱ्याला मिळू शकणारा भाव तेवढा मधल्यामध्ये जातो. अमेरिकेतही करार पुढच्याला विकून मोकळे होणारे असे लोक आहेत. चित्रीकरण करण्यासारखे त्यात काही नाही, म्हणून त्यांचे कार्यक्रम होत नाहीत.

माझे म्हणणे असे, की जुने घर दुरुस्त करणे हे चांगले काम आहे, पण ते राहण्यासाठी करावे. जाड मातीच्या भिंतींचे माजघर मे महिन्यात जेवढे थंड राहते, तेवढी सिमेंटची खोली राहत नाही. वारसांपैकी एकाने इतरांचे हिस्से घेऊन, धाबे पाणीबंद करून, न्हाणीघर आणि वीज नवी करून तिथे राहायचे ठरवले तर मुद्रांक, दलाली आणि व्याजाचा वरचा बराचसा हिशोब गळून पडतो. तसे कुणी ठरवत नाही तेव्हा वाड्याला एकच तयार बाजार उरतो, तो सागवानाचा. खांब, तुळया, चौकटी, कोरीव दरवाजे व्यापारी घनफुटावर घेऊन जातात आणि ते मोठ्या शहरांतल्या हॉटेलांत आणि फार्महाउसांत पुन्हा उभे राहतात. त्या लाकडाला चांगला भाव येतो, म्हणून वाडा पाडायला काढण्यापूर्वी ते दोन-तीन व्यापाऱ्यांना वेगवेगळे दाखवावे आणि पैसे सगळ्या वारसांत, बहिणींसकट, लिहून वाटावेत.