ऑइल प्रेशर का पडते? ट्रॅकवरच्या इंजिनांच्या निदानाचा मागोवा

इंजिनातला ऑइल पंप दाब निर्माण करत नाही. तो तेल पुढे ढकलतो. क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यामधल्या केसाएवढ्या फटींतून त्या तेलाला वाट काढावी लागते आणि या अडथळ्यामुळे दाब चढतो. म्हणून गेजचा काटा खाली येण्याची कारणे मुळात तीनच असतात: पंपाकडून येणारे तेल कमी पडले, फटी रुंदावल्या किंवा तेल पातळ झाले. रस्त्यावरच्या गाडीत ही कारणे महिनोन्‌महिने दबून राहू शकतात. ट्रॅकवर ७,००० आरपीएमला क्रँकशाफ्ट सेकंदाला सुमारे ११७ फेरे घेतो. तिथे एखाद-दोन सेकंद तेल तुटले तरी कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग जायला पुरते. या दुखण्याचे निदान गेल्या सुमारे एकशे चाळीस वर्षांत तीन प्रश्नांमधून पुढे सरकले: तेल आहे का, दाब किती आहे आणि तो नेमका केव्हा पडतो.

सुरुवात रेल्वेच्या बेअरिंगांपासून झाली. इंग्लंडमध्ये बोशाँप टॉवर यांनी इन्स्टिट्यूशन ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्ससाठी केलेल्या प्रयोगांचा पहिला अहवाल १८८३ मध्ये आला. त्यांच्या यंत्रात फिरणारा दांडा खालून तेलात बुडालेला होता आणि बेअरिंग वरून त्यावर टेकलेले होते. तेल सोडण्यासाठी बेअरिंगला वरून भोक पाडले, तर तेल आत जाण्याऐवजी उलट बाहेर येऊ लागले. भोकात ठोकलेली लाकडी खुंटीही तेलाने बाहेर ढकलली. तिथे गेज जोडल्यावर काटा दर चौरस इंचाला २०० पौंडांच्या पुढे गेला. बेअरिंगवरचा सरासरी भार मात्र फक्त १०० पौंडांच्या आसपास होता. दांडा फिरताना तेलाला ओढून निमुळत्या फटीत कोंबतो आणि स्वतःला त्या थरावर उचलून धरतो, हे ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ मध्ये गणिताने मांडले. निदानासाठी यातून मिळालेला धडा आजही तेवढाच मोलाचा आहे. धातूला धातूपासून वेगळे ठेवणारा दाब बेअरिंगच्या आतच तयार होतो. गेजवर दिसतो तो पुरवठ्याचा दाब. पुरवठा खंडित झाला की आतला थर टिकत नाही. पण पुरवठा चांगला दिसतो म्हणून थर शाबूत आहेच, असेही म्हणता येत नाही.

सुरुवातीच्या मोटारगाड्यांमध्ये पुरवठ्याचा दाब हा प्रकारच फारसा नव्हता. फिरते भाग तेल उडवत आणि त्या शिंतोड्यांवर बेअरिंगे चालत. १९०८ च्या फोर्ड मॉडेल टीमध्ये ऑइल पंप नव्हता, त्यामुळे ऑइल प्रेशरचे गेजही नव्हते. तेलाची पातळी पाहण्यासाठी खालच्या बाजूला दोन छोटे कॉक असत; वरच्यातून तेल येऊ नये आणि खालच्यातून यावे, एवढीच तपासणी. १९०७ मध्ये ब्रुकलँड्सचा आणि १९०९ मध्ये इंडियानापोलिसचा ट्रॅक सुरू झाल्यावर मात्र इंजिने तासन्‌तास पूर्ण थ्रॉटलवर धावू लागली. चालकाशेजारी बसलेला मेकॅनिक गेजांवर नजर ठेवी आणि गरज पडेल तसे हातपंपाने तेल देई. १९११ ची पहिली इंडियानापोलिस ५०० शर्यत रे हॅरून यांनी एकआसनी गाडीतून जिंकली. मागून येणाऱ्या गाड्या पाहणारा मेकॅनिक सोबत नसल्याने त्यांनी आरसा बसवला, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. तेलावरची ती दुसरी नजरही शर्यतींतून पुढे हळूहळू नाहीशी झाली आणि सगळी भिस्त गेजवर आली.

दाबाने तेल पुरवण्याची पद्धत रुळली तेव्हा योग्य गेज हाताशी होतेच. युजेन बूर्दों यांनी १८४९ मध्ये पेटंट घेतलेली वाकवलेली नळी वाफेच्या इंजिनांसाठी वापरात होती. तीच डॅशबोर्डवर आली आणि प्रश्न बदलला: दाब किती? त्यासाठी आडाखे बांधले गेले. दर १,००० आरपीएमला १० पीएसआय हा अमेरिकी व्ही-८ इंजिनांवरचा आडाखा आजही वापरतात. बेअरिंगच्या फटीचा आडाखाही तसाच: दांड्याच्या दर इंच व्यासाला सुमारे एक हजारांश इंच, म्हणजे ५० मिलिमीटरच्या जर्नलला सुमारे ०.०५ मिलिमीटर. फट वाढली की तेल सहज निसटते आणि गरम इंजिनाचा आयडलवरचा दाब आधी उतरतो. झिजेचे निदान या पद्धतीने चांगले होई. टायरांची पकड वाढल्यावर मात्र ही पद्धत अपुरी पडू लागली.

गाडी वळणात १ जी इतके पार्श्व त्वरण सोसते तेव्हा ऑइल पॅनमधल्या तेलाचा पृष्ठभाग ४५ अंशांनी कलतो. तेल एका कडेला चढते, पिकअपची नळी उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. वरच्या आरपीएमला बरेच तेल सिलिंडर हेडमध्ये अडकलेले असते, त्यामुळे पॅनमध्ये आधीच कमी उरलेले असते. त्यातही रॉडची बेअरिंगे सर्वात आधी जातात, कारण त्यांचे तेल मेन बेअरिंगमधून क्रँकशाफ्टच्या आतल्या भोकांतून येते आणि हवामिश्रित तेल तिथवर पोहोचेपर्यंत पुरवठा तुटतो. १९८२ मध्ये आलेल्या पोर्शे ९४४ मध्ये ट्रॅकवर दुसऱ्या क्रमांकाचे रॉड बेअरिंग जाण्याची तक्रार सर्वज्ञात झाली. डिपस्टिकवर तेल पुरेसे आणि गॅरेजमध्ये दाबही उत्तम, तरी इंजिन खोलल्यावर बेअरिंगचे शेल खरवडलेले. तेल वेगळ्या टाकीत ठेवणारा ड्राय संप हा यावरचा पक्का उपाय आहे. १९६४ पासूनच्या पोर्शे ९११ मध्ये तो होता, १९६७ च्या कॉसवर्थ डीएफव्ही या शर्यतीच्या इंजिनातही होता.

याच काळात पंपाकडचे दोषही पुढे आले. १९९० च्या दशकातल्या बीएमडब्ल्यूच्या सहा सिलिंडर इंजिनांत ऑइल पंपाच्या स्प्रॉकेटचा नट ट्रॅकवर सैल होतो. स्प्रॉकेट निसटले की दाब एका क्षणात शून्यावर येतो. माझदा एमएक्स-५ च्या पंपातले सिंटर केलेले गिअर वरच्या आरपीएमला फुटल्याची उदाहरणे आहेत. शेव्हरोलेच्या एलएस इंजिनांत पिकअप नळीची छोटी ओ-रिंग चिमटली किंवा कडक झाली की पंप तिथून हवा ओढतो आणि बेअरिंगे धडधाकट असूनही दाब कमी दिसतो.

इतकी वेगवेगळी कारणे एका काट्यावरून ओळखणे अवघड होते. डेटा लॉगर आल्यावर दाब, आरपीएम, तापमान आणि पार्श्व त्वरण एकाच काळरेषेवर दिसू लागले आणि ‘केव्हा’ हा प्रश्न विचारता आला. समजा, लांब उजव्या वळणात आरपीएम ५,५०० वर स्थिर आहे, त्वरण १.१ जी आहे, आणि दाब ४ बारवरून दीड बारवर येऊन वळण सुटताच पूर्ववत होतो. इथे तेल पिकअपपासून दूर जाते, हे उघड आहे. प्रत्येक सेशनगणिक तापमान चढत जाऊन दाब सगळीकडे थोडाथोडा उतरत असेल, तर तेल पातळ होते आहे किंवा त्यात पेट्रोल मिसळते आहे. तेल तेच आणि तापमानही तेच, पण महिन्यागणिक दाब कमी, तर झिजेचा संशय घ्यावा. सरळ रस्त्यावर आरपीएम चढताना दाब थरथरत कोसळत असेल, तर पिकअपकडून हवा येते किंवा तेलाला फेस येतो. आरपीएम वाढूनही दाब खालच्याच आकड्यावर अडला, तर जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडा अडकल्याची शक्यता मोठी.

पिटमधल्या तपासणीचा क्रमही अनुभवाने ठरत गेला. दाब पडल्याचे दिसताच इंजिन बंद करायचे आणि गाडी ढकलत आणायची. मग डिपस्टिक पाहायची, तेलाचा वास घ्यायचा आणि सेन्सरवर विसंबून न राहता दुसरे यांत्रिक गेज जोडून आकडा पडताळायचा. फिल्टर कापून त्याच्या कागदी घड्या उलगडल्या की धातूचे कण दिसतात. चुंबकाला चिकटतात ते लोखंडाचे. न चिकटणारे तांबूस कण आढळले, तर बेअरिंगचा वरचा थर जाऊन खालचा तांब्याचा थर उघडा पडला आहे. असे कण दिसल्यावर इंजिन पुन्हा सुरू करू नये. ऑइल पॅन काढून रॉडचे शेल पाहावेत आणि प्लास्टिगेजच्या दबलेल्या धाग्याच्या रुंदीवरून फट मोजावी.

उपाय या निदानाला धरूनच करावा लागतो. वळणातली तूट झडपा असलेल्या बॅफलने, दाब साठवून ठेवणाऱ्या ॲक्युम्युलेटरने किंवा ड्राय संपने भरून निघते. झिजलेल्या बेअरिंगला यातले काहीही वाचवत नाही. जाड तेल घातल्याने काटा वर येतो, पण रुंदावलेली फट तशीच राहते. धोक्याचा दिवा साधारण अर्ध्या बारच्या खाली पेटतो, म्हणून ट्रॅकसाठी तो निरुपयोगीच असतो. आजच्या शर्यतीच्या ईसीयूमध्ये प्रत्येक आरपीएमसाठी किमान दाबाचा तक्ता भरता येतो; दाब ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त काळ त्याखाली राहिला की इंजिन आपोआप बंद होते. ती फेरी वाया जाते, पण क्रँकशाफ्ट वाचण्याची शक्यता वाढते आणि दाब कोणत्या वळणात, किती आरपीएमला, किती तापमानाला पडला याची नोंद हाती राहते. पुढची तपासणी त्या नोंदीपासून सुरू करता येते.