दोन तारखांमधले दिवस मोजायला शिका, जकातीचा हिशोबही नीट होईल

रमजान जवळ आला की घराघरांत एक प्रश्न निघतो : "गेल्या वर्षी जकात कधी काढली होती?" कुणी म्हणतं मार्चमध्ये, कुणी म्हणतं शाळेच्या परीक्षा चालू होत्या तेव्हा. मग अंदाजाने तारीख ठरते. आणि घरातलं एखादं मूल कॉम्प्युटरच्या क्लासला जात असतं. त्याला सरांनी नुकताच प्रोग्राम दिलेला असतो : दोन तारखांमधले दिवस काढा. या दोन गोष्टींचा एकमेकांशी जवळचा संबंध आहे. कसा, ते बघू.

नवशिका विद्यार्थी पहिल्यांदा सोपं सूत्र लिहितो. वर्षांचा फरक गुणिले ३६५, महिन्यांचा फरक गुणिले ३०, त्यात दिवसांचा फरक मिळवायचा. दिसायला ठीक वाटतं. आता हे आपल्याच तारखांवर लावू. भारतात २०२३ साली पहिला रोजा २४ मार्चला होता, २०२४ साली १२ मार्चला आणि २०२५ साली २ मार्चला.

२०२४ ते २०२५ साठी सूत्र सांगतं : ३६५ वजा १०, म्हणजे ३५५ दिवस. उत्तर बरोबर! पोरगं खूश. पण २०२३ ते २०२४ साठी तेच सूत्र ३६५ वजा १२, म्हणजे ३५३ सांगतं. खरे दिवस आहेत ३५४. एक दिवस कुठे गेला? मध्ये २९ फेब्रुवारी २०२४ आला होता, तो सूत्राला माहीतच नाही. २८ फेब्रुवारी ते १ मार्च काढून बघा. सूत्र म्हणतं ३ दिवस. खरं उत्तर २०२४ मध्ये २ आणि २०२५ मध्ये १. म्हणजे एकदा उत्तर बरोबर आलं म्हणून प्रोग्राम बरोबर आहे असं समजू नका. दहा वेगवेगळ्या तारखा टाकून बघा, फेब्रुवारीच्या तर नक्कीच.

मग योग्य पद्धत कोणती?

दोन तारखांची थेट वजाबाकी करायचीच नाही. प्रत्येक तारखेला एक क्रमांक द्यायचा आणि क्रमांकांची वजाबाकी करायची. १ जानेवारी सन १ हा दिवस क्रमांक १ धरा. मग कुठल्याही तारखेसाठी आधीची पूर्ण झालेली वर्षं घ्या, त्यांना ३६५ ने गुणा आणि त्यात लीप वर्षांचे जादा दिवस मिळवा. लीप वर्षाचा नियम असा : ४ ने भाग जाणारं वर्ष लीप, पण १०० ने भाग गेला तर नाही, आणि ४०० ने गेला तर पुन्हा लीप. म्हणून २००० लीप होतं, १९०० नव्हतं. शेवटी चालू वर्षातले त्या तारखेपर्यंतचे दिवस मिळवा.

२४ मार्च २०२३ चा क्रमांक येतो ७३८६०३. १२ मार्च २०२४ चा येतो ७३८९५७. वजाबाकी ३५४. वही-पेन घेऊन मुलांकडून हे एकदा करून घ्या, डोक्यात पक्कं बसतं.

पायथॉन शिकणाऱ्यांना एवढी मेहनत लागत नाही. त्यात 'डेटटाइम' नावाचं मॉड्यूल तयार मिळतं. त्यातल्या 'डेट'ला आधी वर्ष, मग महिना, मग दिवस द्यायचा. दोन तारखांची वजाबाकी केली की 'डेज' मध्ये उत्तर हजर. नवीन मुलं इथे दोन चुका करतात. एक, तारीख अवतरणचिन्हांत लिहितात. मग ती तारीख न राहता नुसता मजकूर होतो आणि मजकुरातून मजकूर वजा होत नाही. दुसरी, मार्चसाठी ३ ऐवजी शून्य लावून ०३ लिहितात. पायथॉन ३ ते स्वीकारत नाही.

आणखी एक नेहमीची चूक. समजा, आजारपणामुळे ५ तारखेपासून १२ तारखेपर्यंत रोजे सुटले. १२ वजा ५ म्हणजे ७. पण कजा रोजे आहेत ८, कारण पहिला आणि शेवटचा दोन्ही दिवस मोजायचे आहेत. वजाबाकी मधलं अंतर सांगते. दोन्ही टोकं धरायची असतील तर १ मिळवावा लागतो. हे कॉम्प्युटर सांगणार नाही, आपण ठरवायचं.

जकातीशी संबंध इथे येतो

जकातीचं वर्ष चांद्र आहे. चंद्राचा महिना सरासरी २९.५३ दिवसांचा, म्हणून हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचं. इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे ११ दिवस कमी. जो माणूस दरवर्षी ३१ मार्चलाच अडीच टक्के काढतो, तो दरवर्षी ११ दिवस मागे पडतो. साधारण ३३ इंग्रजी वर्षांत ३४ हिजरी वर्षं होतात. म्हणजे आयुष्यात एक पूर्ण जकात राहून जाते. हा गरिबांचा हक्क आहे, आणि तो नकळत बुडतो. इंग्रजी तारखेनेच हिशोब ठेवावा लागत असेल तर २.५ ऐवजी सुमारे २.५७७ टक्के हा दर त्यासाठीच सांगितला जातो. ४ लाखांवर १०,००० ऐवजी सुमारे १०,३०८ रुपये.

इद्दतीचंही तसंच. शौहरच्या इंतकालानंतर चार महिने दहा दिवस. काही घरांत ते इंग्रजी कॅलेंडरवर मोजतात. १ जुलैपासून मोजलं तर १३३ दिवस होतात, १ फेब्रुवारीपासून (लीप नसलेल्या वर्षी) १३०. चांद्र महिन्यांनी मोजलं तर साधारण १२८. महिन्याच्या अधेमधे इंतकाल झाला असेल तर हनफी मसलकात १३० दिवस पूर्ण करायला सांगतात. कोकणातल्या शाफई घरांनी आपल्या आलिमांना विचारावं. दुःखात असलेल्या बाईला उगाच कमी-जास्त दिवस सांगणं बरं नाही.

प्रोग्रामची मर्यादा

पायथॉनच्या मूळ मॉड्यूलमध्ये हिजरी तारखा नाहीत. वेगळी साधनं मिळतात, पण त्यातली बरीचशी सौदी अरबच्या उम्मुल कुरा कॅलेंडरवर चालतात. आपल्याकडे चांद बहुधा एक दिवस उशिरा दिसतो. त्यामुळे अशा साधनाने दाखवलेली तारीख एका दिवसाने चुकू शकते. चांद कधी दिसला हे प्रोग्रामला कळत नाही, ते आपण त्याला सांगायचं असतं.

म्हणून एक सोपं काम करा. तुमची मालमत्ता निसाबाला पोहोचली ती हिजरी तारीख वहीत लिहा, शेजारी इंग्रजी तारीख लिहा. पुढच्या वर्षी तीच हिजरी तारीख आली की जकात काढा, आणि मधले दिवस मुलाला किंवा मुलीला प्रोग्रामने मोजायला सांगा. उत्तर ३५४ किंवा ३५५ च्या जवळ आलं नाही तर कुठेतरी गडबड आहे, पुन्हा तपासा. क्लासमधला धडा घरात कामाला येईल आणि मसला अडलाच तर आलिम आहेतच.