निबंधातील आधार आणि फेरफाराचा नंबर

आपल्या सातारा व सांगली जिल्ह्यांतील शेतकऱ्यांची मुले-मुली आज महाविद्यालयांत शिकत असून हळद, द्राक्षे, ऊस अशा विषयांवर त्यांस संशोधनपर निबंध लिहावे लागतात. या कामी ती कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे व आधारग्रंथांची नोंद ठेवणारी साधने वापरू लागली आहेत. वडीलधाऱ्यांस हा विषय परका वाटेल. परंतु त्याचे मर्म सातबारा वाचणाऱ्या प्रत्येक खातेदारास ठाऊक आहे.

सातबाऱ्यावर खातेदाराच्या नावापाशी फेरफाराचा नंबर असतो. नाव वारसाने लागले की खरेदीखताने, हे त्या नंबरावरून गाव नमुना सहामध्ये पाहता येते. नंबर आहे पण नोंदवहीत नोंदच नाही, तर त्या नावाची किंमत ती काय? निबंधातील तळटीप हा असाच फेरफाराचा नंबर होय.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांस खुले झाले. अशी यंत्रे अफाट मजकुरावरून शब्दांची संगती शिकतात व पुढे कोणता शब्द संभवतो हे अजमावून वाक्ये जुळवितात. भाषा सफाईदार उतरते. पण ग्रंथाचे नाव, कर्ता व पृष्ठांक हेही कित्येकदा असेच जुळविलेले असतात, आणि तो ग्रंथ कोणी लिहिलेलाच नसतो. २०२३ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयात वकिलांनी यंत्राने रचलेले, कधीच न झालेले निवाडे आधार म्हणून दाखविले. त्यांस ५००० डॉलर दंड झाला.

२००६ पासून विनामूल्य मिळणारे झोटेरो हे साधन निराळे. ते ग्रंथांची माहिती साठविते व विद्यापीठास हवी तशी यादी मांडून देते. मात्र ते काम कारकुनाचे, सर्कलचे नव्हे. दिलेली नोंद ते सुबक लिहील. खरी म्हणून प्रमाणित करणार नाही.

तपासणी कशी करावी याचे घरचेच उदाहरण घ्या. तासगावच्या जुन्या शेतीवरील निबंधात १९०५ सालच्या 'सांगली जिल्हा गॅझेटियर'चा आधार दिसला, तर तो खोटा हे तत्काळ ओळखावे. हा जिल्हा १ ऑगस्ट १९४९ रोजी दक्षिण सातारा या नावाने झाला व १९६० साली सांगली म्हणविला गेला. तासगाव, खानापूर, वाळवा हे तालुके त्यापूर्वी सातारा जिल्ह्यात होते. त्यांची जुनी हकीकत १८८५ सालच्या सातारा गॅझेटियरात पाहावयाची.

हा केवळ गुणांचा प्रश्न नव्हे. आजच्या निबंधातील आकडा उद्या सल्ला होऊन बांधावर येतो. खताची मात्रा कल्पनेने लिहिलेली असली, तरी पीक जाते ते खरेच.

म्हणून यंत्रास बंदी नको, मर्यादा असावी. विषयाचा आराखडा करणे, कठीण इंग्रजी उतारा समजून घेणे, यांस ते उपयोगी आहे. आधार मात्र ग्रंथालयात स्वतः उघडून पाहावा, पृष्ठांक स्वहस्ते टिपावा, व यंत्राचे साहाय्य घेतले असल्यास गुरुजनांस तसे सांगावे. आणि आपण घरी एवढेच विचारावे: 'बाळ, हा ग्रंथ तू कोठे पाहिलास?'