रेघ दिसते, नातं विचारावं लागतं

सकाळी कार्यालयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर साहेबांचा निरोप येतो आणि पाच मिनिटांत चौदा अंगठे उमटतात. एखादा अंगठा म्हणतो, ‘वाचलं’. दुसरा म्हणतो, ‘करतो’. तिसऱ्याचा अर्थ ‘उगाच वाद नको’ असा असतो, तर चौथा केवळ आपलं नाव गैरहजरांत दिसू नये म्हणून टाकलेला असतो. संगणकाच्या नोंदीत मात्र चौदाही अंगठे सारखेच. मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी १९७३ मध्ये तत्त्वज्ञ गिल्बर्ट राइल यांचा दाखला घेऊन हाच मुद्दा मांडला होता. पापणी आपसूक लवणं आणि मुद्दाम डोळा मारणं, छायाचित्रात दोन्ही एकसारखंच दिसतं. फरक कळतो तो त्या माणसांमधला संकेत ठाऊक असेल तरच.

संस्थांमधल्या ऑनलाइन नेटवर्कचं गुणात्मक संशोधन याच फरकाचा शोध घेतं. मुलाखती, निरीक्षण आणि संभाषणांचं बारकाईनं वाचन ही त्याची साधनं. त्याच्याविषयीचे काही पक्के समज तपासून पाहू.

गैरसमज १ : सगळ्या नोंदी संगणकात असतात, मग माणसांना विचारायचं कशाला?

वस्तुस्थिती : कोण कोणाशी, कधी आणि किती वेळा बोललं एवढंच नोंदी सांगतात. त्यावरून नेटवर्कचा नकाशा काढता येतो. पण नकाशावरची रेघ मैत्रीची आहे, धाकाची आहे की निव्वळ शिष्टाचाराची, हे माणसांकडूनच समजतं.

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांचा अनुभव इथे बोलका आहे. अमेरिकेत बॉस्टनजवळच्या न्यूटन शहरात नोकरी बदललेल्या लोकांना ते विचारत, की या जागेची माहिती मित्राकडून मिळाली का? पुष्कळ जण त्यांची चूक सुधारत : मित्र कसला, नुसती ओळख. त्या एका दुरुस्तीत मोठं काही दडलं होतं. १९७३ च्या त्यांच्या गाजलेल्या लेखात आकडे आहेत. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम १६.७ टक्के लोक माहिती देणाऱ्या व्यक्तीला वरचेवर भेटत होते. ५५.६ टक्के अधूनमधून भेटत, आणि २७.८ टक्क्यांची गाठ क्वचितच पडे. संपर्काची वारंवारता हेच नात्याचं मोल, असं धरून चालणाऱ्याच्या हातून नेमक्या याच ओळखी निसटल्या असत्या.

गैरसमज २ : चांगलं सॉफ्टवेअर दिलं, की लोक आपोआप ज्ञान वाटून घेतात.

वस्तुस्थिती : वांडा ऑर्लिकोव्स्की यांनी एका बड्या सल्लागार कंपनीत शिरून हा समज तपासला. कंपनीचं खरं नाव झाकून त्यांनी तिला ‘आल्फा’ म्हटलं. तिथे माहितीची देवाणघेवाण वाढावी म्हणून ‘लोटस नोट्स’ ही प्रणाली मोठ्या प्रमाणावर बसवली होती. तरी सल्लागार ती बेतानेच वापरत.

कारण मुलाखतींतून आणि प्रत्यक्ष कामाच्या निरीक्षणातून उलगडलं. सल्लागाराचा प्रत्येक तास ग्राहकाच्या खात्यावर पडायला हवा होता, आणि नवी प्रणाली शिकण्यात गेलेला वेळ कोणाच्याच खात्यावर टाकता येत नव्हता. शिवाय बढतीची चुरस अशी, की ठरावीक काळात वर गेला नाहीत तर बाहेर पडायचं. जे ज्ञान आपल्याला शेजाऱ्याच्या पुढे नेणार, ते सगळ्यांपुढे का मांडायचं? त्याच कंपनीतले तंत्रज्ञ मात्र या चुरशीबाहेर होते, आणि तीच प्रणाली ते एकमेकांच्या मदतीसाठी सर्रास वापरत. म्हणजे अडचण संगणकात नव्हती, बढतीच्या नियमांत होती. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास, नवं ॲप आणून जुनी संस्कृती बदलेल अशी आशा धरणाऱ्या प्रत्येकाने आजही वाचावा असा आहे.

गैरसमज ३ : कामाच्या जागी सोशल नेटवर्क म्हणजे टाइमपास.

वस्तुस्थिती : आयबीएमने २००७ मध्ये फक्त आपल्या कर्मचाऱ्यांसाठी ‘बीहाइव्ह’ नावाचं सोशल नेटवर्क सुरू केलं. लोक तिथे छायाचित्रं टाकत, आवडीनिवडींच्या याद्या करत. वरवर पाहता नुसत्या गप्पा. कंपनीच्या संशोधकांनी वापराच्या नोंदी पाहिल्या, शिवाय वापरणाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. २००८ मध्ये त्यांनी तीन प्रेरणा मांडल्या : सहकाऱ्यांशी जिव्हाळा जोडणं, नोकरीत स्वतःची वाट पुढे नेणं आणि आपल्या प्रकल्पासाठी पाठिंबा मिळवणं. रोज शेजारी बसणाऱ्यापेक्षा दूरच्या, ओझरत्या ओळखीच्या माणसाशी धागा जुळवण्याकडे लोकांचा कल होता. ग्रॅनोव्हेटर यांची ‘नुसती ओळख’ इथे पुन्हा भेटते.

गैरसमज ४ : जे ग्रुपवर काही लिहीत नाहीत, त्यांना कामात रस नसतो.

वस्तुस्थिती : मला हा समज सर्वांत अन्यायाचा वाटतो, कारण त्यावरून माणसांची पारख केली जाते. ब्लेअर नॉनेके आणि जेनी प्रीस यांनी ऑनलाइन समूहांतल्या अवघ्या दहा सदस्यांशी सविस्तर बोलून गप्प राहण्याची ७९ कारणं नोंदवली. संकोच, वेळेची टंचाई, खासगीपण जपण्याची इच्छा, आधी समूहाची रीत समजून घेण्याची गरज, आणि कित्येकदा साधी गोष्ट : हवं ते वाचूनच मिळालं, तर लिहायचं कशाला?

वाचणाराही शिकत असतो. पॉल लिओनार्डी यांनी अमेरिकेतल्या एका मोठ्या वित्तीय कंपनीतल्या दोन गटांची तुलना केली. एका गटाने सहा महिने अंतर्गत सोशल नेटवर्क वापरलं, दुसऱ्याने नाही. कोणाला काय येतं, हे ओळखण्यात पहिला गट ३१ टक्क्यांनी सुधारला. योग्य जाणकारापर्यंत कोण पोहोचवेल, हे ओळखण्यातली सुधारणा ८८ टक्के होती. दुसरा गट होता तिथेच राहिला. इतरांची आपसातली संभाषणं नजरेखालून जात राहिली आणि त्यातून ही जाण वाढत गेली. ज्याला आपण मूक म्हणतो, तो कदाचित सगळ्यांत चांगला श्रोता असतो.

गैरसमज ५ : दहा-वीस मुलाखती म्हणजे किस्से, ते शास्त्र नव्हे.

वस्तुस्थिती : किस्सा आणि पुरावा यांच्यामध्ये शिस्त असते. मुलाखत शब्दन् शब्द उतरवली जाते, तिच्यातल्या मुद्द्यांना संकेत दिले जातात, मुलाखतींची तुलना होते, आणि आपल्या निष्कर्षाला छेद देणारी उदाहरणं मुद्दाम शोधली जातात. बार्नी ग्लेसर आणि ॲन्सेल्म स्ट्राउस यांनी १९६७ मध्ये थांबण्याचा निकषही दिला : नव्या माहितीतून नवं काही निघेनासं झालं, की पुरे.

ग्रेग गेस्ट आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये घाना व नायजेरियातल्या ६० मुलाखती क्रमाने तपासल्या. जवळपास सगळे मुद्दे पहिल्या १२ मुलाखतींतच आले होते. अर्थात हे बऱ्याच अंशी सारख्या परिस्थितीतल्या लोकांबाबत खरं. तिथून ‘किती टक्के लोकांना असं वाटतं’ याचं उत्तर मिळणार नाही. ते सर्वेक्षणाचं काम. ‘असं का वाटतं’ हे मात्र सर्वेक्षणाच्या चौकटीत मावत नाही.

गैरसमज ६ : नावं काढून टाकली, की ओळख लपली.

वस्तुस्थिती : २००८ मध्ये अमेरिकेतल्या एका महाविद्यालयातल्या १,६४० विद्यार्थ्यांची फेसबुकवरची माहिती, नावं वगळून, संशोधनासाठी खुली झाली. सोबतच्या वर्णनावरूनच ते महाविद्यालय हार्वर्ड असल्याचं थोड्याच दिवसांत उघड झालं. एका कार्यालयात तर धोका कितीतरी मोठा. ‘लेखा विभागात नुकत्याच बदलून आलेल्या बाई’ एवढं लिहिलं, तरी सगळा मजला ओळखतो. म्हणून ग्रुपमधलं संभाषण वाचता येतं एवढ्यावर ते वापरायची मुभा मिळत नाही. संमती घ्यावी लागते, तपशील बदलावे लागतात. परवानगी वरिष्ठांनी दिली असली, तरी ज्याचे शब्द आहेत त्याला नाही म्हणायची मोकळीक हवी.

आता सकाळच्या त्या ग्रुपकडे पुन्हा पाहू. चौदा अंगठे मोजून झाले. पंधराव्या माणसाने काहीच टाकलं नाही, म्हणून अहवालात त्याच्यापुढे शून्य पडेल. त्याने निरोप वाचला आणि मोबाइल बाजूला ठेवून काम सुरूही केलं असेल. तसं आहे का, हे कळायला एकच वाट आहे : त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसायचं आणि विचारायचं.