फोन गेला, क्रमांक राखावा

बाजारच्या गर्दीत व्यापाऱ्याचा मोबाइल गेला की पहिली हळहळ होते ती यंत्राच्या किमतीची. वस्तुतः अधिक मोलाचा असतो क्रमांक; उधारी, आडत, बँक सारे त्यालाच जोडलेले. म्हणून प्रथम सिम बंद करवून बँकेला कळवावे, पोलिसांत तक्रार नोंदवावी आणि त्याच क्रमांकाचे नवे सिम घ्यावे. त्यावर पहिले 24 तास एसएमएस येत नाहीत, हे ध्यानी असू द्यावे. मग ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावर 15 अंकी आयएमईआय देऊन गेलेला फोन देशभर बंद करवता येतो. हा अंक खोक्यावर व बहुधा बिलावर असतो. बिले जपण्याची पेढीची जुनी सवय येथे कामी येते.

नवा फोन परवडत नसेल तर वापरलेला घेण्यात कमीपणा नाही. मात्र पावतीविना स्वस्तात मिळणारा फोन दुसऱ्या कोणाचा चोरलेला असू शकतो. मूळ मालकाच्या तक्रारीने तो केव्हाही बंद पडेल. शिवाय चोरीचा माल घेणे, तदाहृतादान, हा अचौर्य अणुव्रताचा अतिचारच. सौदा ठरण्यापूर्वी विक्रेत्यासमोर *#06# दाबून अंक पाहावा. इंग्रजी अक्षरांत केवायएम, मग जागा सोडून तो अंक, असा एसएमएस 14422 वर पाठवावा. उत्तरात फोन काळ्या यादीतील वा ‘डुप्लिकेट’ निघाला, तर पैसे खिशातच राहू द्यावेत.