अतिमितींची गोष्ट (लेखांक ९) : भार सावरतो, भार पाडतोही

मागच्या आठवड्यात आपण कृष्णविवराला पाचवी मिती जोडून त्याची लांबलचक दोरी केली होती. आज तिला किंचित धक्का द्यायचा आहे. आइन्स्टाइनच्या समीकरणांचं उत्तर हाती आलं तरी ती वस्तू टिकेलच असं नाही. धक्का विरतो की वाढतो, यावर सगळं ठरतं.

नेहमीच्या चार मितींत काळजी नाही. विद्युतभार नसलेल्या, न फिरणाऱ्या कृष्णविवरावरचे क्षोभ वाढत नाहीत, हे सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० साली दाखवलं. बंगळुरूच्या नेहरू तारांगणाचे पुढे संस्थापक-संचालक झाले ते हेच. १९७४ साली व्हिन्सेंट मॉनक्रीफ यांनी भारित कृष्णविवरालाही तोच निर्वाळा दिला.

पाचव्या मितीतली दोरी मात्र दगा देते. रूथ ग्रेगरी आणि रेमंड लाफ्लाम यांनी १९९३ मध्ये दाखवलं, की दोरीच्या जाडीच्या मानाने पुरेसा लांब तरंग तिच्यावर उठला तर तो वाढतच जातो. नळाची बारीक धार खाली येताना तुटून थेंब होतात, तसंच काहीसं. २०१० मध्ये लेनर आणि प्रिटोरियस यांनी संगणकावर हा प्रवास पुढे नेला. आधी फुगीर मणी तयार झाले, मण्यांमध्ये बारीक धागे राहिले, मग त्या धाग्यांवर आणखी लहान मणी, आणि पुन्हा त्यांच्यामध्ये धागे!

आता या दोरीला चुंबकीय भार द्या. इब्राहिमा बा आणि पिएर हाइडमन यांनी अभ्यासलेल्या अशा उत्तरांत दोन लांब्या येतात : क्षितिजाची ‘क’ आणि बुडबुड्याची ‘ब’. भाराचा वर्ग ‘क × ब’च्या प्रमाणात असतो. ‘क’ मोठी असेल तर कृष्णदोरी. ‘ब’ मोठी असेल तर क्षितिज उरतच नाही. त्याऐवजी बुडबुड्याच्या पृष्ठावर गुंडाळलेल्या पाचव्या मितीचं वर्तुळ आवळत शून्य होतं आणि अवकाश गुळगुळीतपणे संपतो. क्षितिज नसलेल्या या गुळगुळीत वस्तूला (सॉलिटॉनला) ‘टोपोलॉजिकल तारा’ म्हणतात. असा तारा आकाशात कुणी पाहिलेला नाही, पण मला ही रचना फार देखणी वाटते.

दोरीच्या तापमानाचा वर्ग (क − ब)/क³ च्या प्रमाणात असतो. बारावीचं कलन आठवत असेल तर ‘क × ब’ कायम ठेवून हे सूत्र स्वतः तपासा. क = २ब इथे तापमान शिखर गाठतं. त्यापेक्षा ‘क’ मोठी असेल, तर दोरी ऊर्जा गमावताना तापत जाते. गब्सर आणि मित्रा यांनी २००० साली अंदाज बांधला होता, की उष्णतेच्या हिशेबातली अशी गडबड आणि दोरीचं तुटणं बरोबरच येतात. इथे तसंच घडतं : ‘क’ ही ‘ब’च्या दुपटीच्या आत असेल तर दोरी टिकते. काळ आणि पाचवी मिती यांची अदलाबदल केली की ताऱ्याची अटही मिळते : ‘ब’ ही ‘क’च्या दुपटीच्या आत हवी. भार शून्य केला तर दोन्ही टोकांना अस्थैर्यच.

म्हणून भार हा सगळीकडे तारणहार समजू नका. २००९ मध्ये कोनोप्ल्या आणि झिदेंको यांनी धन वैश्विक स्थिरांक असलेल्या विश्वातली गोल, भारित कृष्णविवरं संगणकावर तपासली. भार आणि स्थिरांक दोन्ही पुरेसे मोठे असतील, तर सात किंवा अधिक मितींत ती अस्थिर निघाली. पाच आणि सहा मितींत असं काही आढळलं नाही.